दुखत नाही, मग गोळी कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक ५७ वर्षांचे आहेत, काम बैठं. तीन महिन्यांपूर्वी दात दाखवायला गेले असताना सहज रक्तदाब मोजला गेला, तो १५८/९६ निघाला. पुढे फॅमिली डॉक्टरांकडे दोनदा मोजला, दोन्ही वेळा १५०च्या वरच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती त्यांनी अजून सुरू केलेली नाही. ते लिहितात: ‘मला काहीही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. गोळी एकदा सुरू झाली की जन्माची सवय लागते. माझे वडील कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत, तरी ७८ वर्षं जगले. शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणात गेली, ते वेगळं. माझ्या बाकीच्या तक्रारी वयाच्याच आहेत. गुडघ्यांची झीज झाली आहे म्हणून वर्षभर चालणं बंद केलं. फार दुखलं की औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेतो, आठवड्यातून चार-पाचदा. रात्री लघवीला दोन-तीन वेळा उठतो. बायको म्हणते, घोरतोही. वर्षात सहा किलो वजन वाढलं. गोळीवरून ती रोज मागे लागते आणि रोज खटके उडतात. बाबांचं सगळं तिनेच केलं, त्याबद्दल तिला मानतो, पण तिने मला आत्तापासून रुग्ण करून ठेवलंय. तिला कसं समजावू?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. ‘शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणात गेली, ते वेगळं.’

ते वेगळं नाही हो. तुमच्या अख्ख्या पत्राचं उत्तर त्या चार वर्षांत आहे. वडील ७८ वर्षं जगले हा हिशेब तुम्ही मांडलात, पण ७४व्या वर्षी जे झालं ते बाजूला काढून. त्याआधी त्यांचा रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता, होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तो कोणी मोजलाच नाही. अर्धांगवायूची टाळता येण्यासारखी जी कारणं आहेत त्यांत वाढलेला रक्तदाब पहिल्या क्रमांकावर आहे, एवढं मात्र पक्कं माहीत आहे. वडिलांना मोजायची संधी मिळाली नाही. तुम्हाला दातांमुळे मिळाली.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे कोणती गोळी, किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. मला बोलायचं आहे ते तुम्ही ज्या गोष्टी धरून चालला आहात त्यांबद्दल. पहिली म्हणजे, दुखत नाही म्हणजे काही नाही.

पन्नाशीच्या पुढे माणसाला खरोखर जायबंदी करणारे बरेचसे आजार वर्षानुवर्षं दुखत नाहीत. वाढलेला रक्तदाब जाणवत नाही. वाढलेली साखर सुरुवातीला जाणवत नाही. कोलेस्टेरॉल तर कधीच जाणवत नाही. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते, समोरचं नीट दिसत असतं, म्हणून लक्षात येत नाही. हाडं ठिसूळ होतात ती पहिलं हाड मोडेपर्यंत कळत नाही. रक्तदाब वाढलेला असताना आत काम चालूच असतं: रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, जास्त जोर लावून लावून हृदयाचा स्नायू जाडावतो, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या निकामी होत जातात. यातल्या कशाचाही आवाज होत नाही. डोकं दुखणं हे बीपीचं लक्षण समजून बसलेली खूप माणसं आहेत, आणि डोकं दुखत नाही म्हणून ती निश्चिंत असतात. बहुतेकांचं डोकं दुखतच नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘वयाचंच आहे’ या शब्दांत आहे. एके काळी डॉक्टरही हेच म्हणत. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, अशी समजूत होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेलं होतं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर मात्र लोकांना सांगत राहिले की वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. १२ एप्रिल १९४५ला रूझवेल्ट ‘डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय’ असं म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या वेळी मोजलेला वरचा आकडा ३००च्या पुढे होता. वय ६३.

त्यांच्या काळात परिणामकारक औषधंही फारशी नव्हती, ती १९५०चं दशक संपता संपता आली. पण १९४८मध्ये, म्हणजे तीनच वर्षांनी, अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला सुरुवात झाली. कोणाला हृदयविकार होतो, कोणाला अर्धांगवायू, आणि त्याच्या आधी त्या माणसात काय वेगळं होतं, हे त्यातून दिसत गेलं. आज आपण बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही नावं एका दमात घेतो, ती बऱ्याच अंशी त्या कामामुळे. वयाबरोबर दाब वाढणं खूप आढळतं, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यातून आकड्यांत स्पष्ट दिसलं.

आता गोळीची ‘सवय’. हा शब्द मला फार लोकांकडून ऐकू येतो आणि दर वेळी वाटतं की यामुळे किती नुकसान होत असेल. रक्तदाबाच्या गोळीचं व्यसन लागत नाही. गोळी बंद केल्यावर दाब पुन्हा वाढतो तो गोळीमुळे नाही, ज्या कारणाने तो मुळात वाढला ते कारण अजून तिथेच असतं म्हणून. चाळिशी लागल्यावर आपण चष्मा लावतो, काढला की अक्षर पुन्हा पुसट होतं. तिथे कोणी चष्म्याला दोष देत नाही. आणि ‘जन्माची’ म्हणाल, तर तेही प्रत्येकाच्या बाबतीत खरं नसतं. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं सुरू झालं, तर काहींचा डोस डॉक्टर कमी करतात, क्वचित गोळी थांबवतातही. मात्र ते डॉक्टरांनी, आकडे बघून. आपल्या आपण अचानक सोडू नये, काही प्रकारच्या गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं. एखाद्या गोळीने पाय सुजले किंवा कोरडा खोकला लागला तर तेही सांगा. प्रकार बरेच आहेत, बदलून मिळते. लोक त्रास सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप सोडतात, ते सगळ्यात वाईट.

फायदा किती? वरचा आकडा १०ने खाली आला तर अर्धांगवायूचा धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो. एवढ्याशा गोळीकडून याहून जास्त काय मागायचं?

तरीही तुम्ही विचाराल, आधी गोळीशिवाय प्रयत्न करून पाहू का? हा रास्त प्रश्न आहे. दाब थोडाच वाढलेला असेल आणि बाकी धोके नसतील तर डॉक्टरही तीनेक महिने आहार-व्यायामावर देतात. पण तुमचे तीन महिने गेले, आणि त्यात गोळीही नव्हती, चालणंही नव्हतं, उलट वजन वाढलं. वय ५७, आकडा १५८, आणि बाकीच्या तपासण्या झालेल्या नाहीत. मला विचाराल तर मी गोळी सुरू करून सोबत बाकीचं करायच्या बाजूने आहे. मग सहा महिन्यांनी गोळी कमी करण्याची बोलणी करा, आकडे हातात घेऊन.

त्यासाठी आकडे खरे हवेत. दवाखान्यात काहींचा दाब नुसत्या दडपणाने चढतो, काहींचा उलट तिथे नेमका बरा येतो आणि घरी जास्त असतो. म्हणून दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे असावा, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, खटके तर मुळीच नाहीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर आली, तर दाब वाढलेला आहे यात शंका उरत नाही. वहीत लिहा, ‘साधारण बरं असतं’ असं डॉक्टरांना सांगू नका. आणि एखाद्या वेळी १८०/१२०च्या वर गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, दिसायला किंवा बोलायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय.

आता गुडघ्यांकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गाठ मला तिथे दिसते. तुम्ही बीपी, गुडघे, वजन, घोरणं हे सुटं सुटं लिहिलं आहे. ते सुटं नाही.

दुकानातून आणलेली ती वेदनाशामक गोळी कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा त्या जातीची असेल, तर तिच्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठून राहतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. वर्षभर, आठवड्यातून चार-पाचदा, शिवाय मूत्रपिंड आणि पोटाला त्रास वेगळाच. म्हणजे जी गोळी घ्यायला हवी ती तुम्ही सवयीच्या भीतीने घेत नाही, आणि जी मोजून-मापून घ्यायची ती विनाचौकशी घेता आहात. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. हे फार घरांत असंच चालतं, कारण गुडघा दुखतो आणि बीपी दुखत नाही. डॉक्टरांकडे जाताना त्या गोळीचं पाकीट बरोबर न्या. गुडघ्यासाठी वरून लावायचं औषधी जेल चालेल का ते विचारा, ते रक्तात फार कमी उतरतं.

आणि झीज झाली म्हणून चालणं बंद करणं, याने गुडघा वाचत नाही. यंत्राचा भाग जितका कमी वापरू तितका टिकतो, हे शरीराला लागू नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जे वंगणासारखं द्रव असतं त्यातून तिचं पोषण होतं, आणि ते द्रव तिच्यात आत-बाहेर व्हायला सांधा हलावा आणि दाबला जावा लागतो. शिवाय गुडघ्याला सांभाळतो तो मांडीचा पुढचा स्नायू. चालणं थांबलं की तो वाळतो, तो वाळला की गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून जास्त दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो. त्यात सहा किलोंची भर. एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, आणि रक्तदाबही किलोमागे साधारण एका आकड्याने उतरतो. एकाच घटीचे दोन फायदे.

सुरुवात छोटी करा. सपाट रस्त्यावर, चांगल्या बुटांनी, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. दर आठवड्याला थोडं वाढवा, आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या, वेग असा की बोलता यावं पण गाता येऊ नये. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, उंच खुर्चीपासून सुरुवात. पाठीवर झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजून खाली. दोनेक महिने नेमाने केल्यावर फरक पडतो, चार दिवसांत नाही. व्यायामानंतर थोडं दुखून दुसऱ्या दिवसापर्यंत शांत होत असेल तर चालेल. दुखणं त्याहून टिकलं तर मात्रा कमी करा, बंद करू नका. गुडघा सुजून गरम झाला, अडकायला लागला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जमलं तर फिजिओथेरपिस्टला एकदा भेटाच. या वयात स्नायू टिकवणं हे हृदय टिकवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष असतं. पुढे सत्तरीत घसरल्यावर सावरता येतं की खुब्याचं हाड मोडतं, हे पुष्कळदा आज ठरत असतं.

रात्रीचं उठणंही ‘वयाचं’ म्हणून सोडू नका. पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, ते एक कारण असू शकतं. धार बारीक झाली आहे का, सुरू व्हायला वेळ लागतो का, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही का, ते बघा. पण रक्तातली साखर वाढली तरी लघवी जास्त होते. संध्याकाळी पाणी, चहा, दारू जास्त होत असेल तरी होते. आणि तुम्ही घोरताही. बायकोला एकच विचारा: घोरता घोरता माझा श्वास थांबतो का, आणि मग दचकून, घुसमटून परत सुरू होतो का? ती ‘हो’ म्हणाली, किंवा तुम्हाला दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का ते तपासून घ्यायला हवं. त्यात रात्रभर प्राणवायू खाली-वर होतो, रक्तदाब चढा राहतो, कधी कधी गोळ्यांनाही दाद देत नाही, आणि रात्री लघवीही जास्त होते. त्यावर उपचार आहेत. तुमची रात्र कशी जाते हे तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे, म्हणून तिला डॉक्टरांकडे सोबत न्या.

तपासण्या फार लागत नाहीत. उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, एक ईसीजी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा आणि डोळ्यातला दाब. एचबीए१सी ५.७ ते ६.४च्या दरम्यान आली तर घाबरू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर एक मोठा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन सुमारे ७ टक्के कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं लक्ष्य दिलेल्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठी ओलांडलेल्यांना व्यायाम आणि आहाराचा फायदा तर आणखी जास्त झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी या वयात शौचाची साधी तपासणी किंवा दुर्बिणीची तपासणी करतात, तीही विचारा. पन्नास-साठ चाचण्यांचं भलं मोठं पॅकेज मात्र मला पटत नाही. त्यात काहीतरी किरकोळ इकडेतिकडे निघतंच आणि माणूस नको त्या गोष्टीच्या मागे लागतो.

मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात पाकीटबंद पदार्थांतलं न दिसणारं मीठही आलं. तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. असेल तर बाकी सगळ्याच्या आधी ती. ब्रिटिश डॉक्टरांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात दिसलं की पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे सहा वर्षं परत मिळतात, साठीत सोडली तरी तीन. ‘आता या वयात सोडून काय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

चेहरा एका बाजूला ओढला जाणं, एका हातातली शक्ती जाणं, जीभ जड होणं, यांपैकी काहीही झालं तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी थांबायचं नाही, लगेच रुग्णालय. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, अचानक घाम आणि धाप, त्यालाही तेच. लघवीतून किंवा शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ही आठवडाभरात दाखवायची.

आता तुमचा मूळ प्रश्न, तिला कसं समजावू. मला वाटतं तिला समजावायचं काही नाही. ‘बाबांचं सगळं तिनेच केलं’ असं तुम्ही लिहिलंत. ‘सगळं’ म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे: चार वर्षं कूस बदलणं, भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, बोलता न येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून त्याला काय हवंय ते ओळखणं. त्या चार वर्षांत तिने जे पाहिलं ते तिला तुमच्या १५८च्या आकड्यात दिसतं. म्हणून ती रोज बोलते. ती तुम्हाला रुग्ण करत नाहीये, तुम्ही रुग्ण होऊ नये म्हणून धडपडते आहे. आणि तिला बोलणं थांबवावं असं वाटायचं असेल, तर गोळीची वेळ आणि बीपीची वही तुम्ही स्वतःच्या ताब्यात घ्या. तिने आठवण करायची आणि तुम्ही चिडायचं, ही वाटणी मोडा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच. तिची तब्येत कशी आहे? तीही बहुधा पन्नाशीच्या आसपास असेल. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडं वेगाने विरळ होतात, कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि त्यांच्यात तो पुष्कळदा नुसता थकवा, मळमळ किंवा धाप बनून येतो. स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिने शेवटची कधी केली? पाळी पूर्ण गेल्यानंतर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं, हे तिला माहीत आहे का? दुसऱ्यांची उस्तवार करणाऱ्या बाईने स्वतःचं बीपी वर्षानुवर्षं मोजलेलं नसतं, हे मी फार पाहिलं आहे.

यंत्र आणाल तेव्हा पट्टा आधी तिच्या दंडाला बांधा. वहीत दोन रकाने आखा. सात दिवसांनी ती वही, त्या वेदनाशामक गोळीचं पाकीट आणि ती, तिघांना घेऊन डॉक्टरांकडे जा. महिन्याभराने मला दोन्ही रकाने कळवा, मी वाट बघेन.